आठ सेमिस्टर, सोळा देश

'वाचाल तर वाचाल' ही पाटी आपण सगळ्यांनी शाळेच्या भिंतीवर पाहिली आहे. काय वाचायचं आणि ते कसं निवडायचं, हे मात्र त्या पाटीवर लिहायचं राहून गेलं. हा लेख त्या राहून गेलेल्या भागाबद्दल आहे.

अॅन मॉर्गन या ब्रिटिश लेखिकेने २०१२ साली एक संकल्प सोडला. एका वर्षात जगातल्या प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायचं! तिने १९६ देश धरले होते. म्हणजे एका पुस्तकाला दोन दिवससुद्धा नाहीत. तिने तो संकल्प पुरा केला आणि त्या अनुभवावर २०१५ साली पुस्तकही लिहिलं. पण मला तिच्या वेगापेक्षा तिची अडचण जास्त महत्त्वाची वाटते. काही देशांचं इंग्रजीत आलेलं पुस्तकच तिला मिळेना. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या आफ्रिकेजवळच्या चिमुकल्या बेटांच्या देशासाठी तर काही स्वयंसेवकांनी एक पोर्तुगीज पुस्तक आपापसांत वाटून घेतलं आणि तिच्यासाठी इंग्रजीत आणलं. वाचणं राहिलं बाजूला, निवडणं आणि मिळवणं हेच मोठं काम होऊन बसलं.

सबमिशन, ओरल आणि (काहींच्या बाबतीत) केटी सांभाळून १९६ पुस्तकं आपल्याला झेपणारी नाहीत. म्हणून मी स्वतःपुरतं, हॉस्टेलच्या कॅलेंडरला बसेल असं माप घेतलं. इंजिनिअरिंगची सेमिस्टर आठ. प्रत्येक सेमिस्टरला दोन देश. एक बारीक पुस्तक टर्म चालू असताना, एक मोठं पुस्तक परीक्षेनंतरच्या सुट्टीत. चार वर्षांत सोळा देश. संयुक्त राष्ट्रांचे सभासद देश १९३ आहेत, म्हणजे सोळा देश होतात जेमतेम आठ टक्के. पासिंगला चाळीस लागतात हे मान्य, पण इथे शून्यापासून आठपर्यंत जाणं हेच खरं काम आहे.

आधी आपली यादी तपासा

सुरुवातीला एक छोटा प्रयोग करा. अभ्यासाबाहेरची जी शेवटची दहा पुस्तकं वाचली असतील ती वहीत लिहा. प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा. लेखक कोणत्या देशाचा? आणि पुस्तक मुळात कोणत्या भाषेत लिहिलं गेलं?

आमच्या विंगमध्ये हा प्रयोग केला तेव्हा यादी साधारण सारखीच निघाली. 'मृत्युंजय', 'छावा', 'ययाति', चेतन भगत, डॅन ब्राऊन, सिडनी शेल्डन, 'रिच डॅड पुअर डॅड'. म्हणजे भारत आणि अमेरिका. एखादा हॅरी पॉटरवाला निघाला की इंग्लंड. कोणी म्हणेल, मी तर मराठी अनुवाद पुष्कळ वाचलेत. ठीक आहे, आपल्याकडचे तीन लाडके अनुवाद घेऊ. राम पटवर्धनांचं 'पाडस', शांताबाई शेळक्यांचं 'चौघीजणी' आणि पु. लं.चं 'एका कोळियाने'. तिन्ही सुंदर. आणि तिन्ही मूळ अमेरिकन! अनुवाद वाचला म्हणजे जग वाचलं असं होत नाही. कुठल्या दिशेची खिडकी उघडली तेही बघावं लागतं.

याचा आपल्याशी संबंध काय? आपल्यातले बरेच जण पुढे मस्कत, दुबई, जर्मनी, जपान, केनिया अशा कुठल्या कुठल्या साइटवर जाणार आहेत. तिथे आपण त्या देशाच्या माणसांबरोबर काम करू. त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहीत असेल? हॉलिवूडच्या सिनेमात दाखवलं तेवढंच. आफ्रिका म्हटलं की भूक, अरब म्हटलं की तेल आणि उंट, रशिया म्हटलं की हेर. एवढ्या सामानावर आपण तिथल्या फोरमनशी, ड्रायव्हरशी, घरमालकाशी बोलायला लागतो.

पुस्तक 'त्या देशाचं' केव्हा म्हणायचं?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. मी त्यासाठी चार प्रश्नांची चाचणी वापरतो.

१. लेखक त्या देशाचा आहे का?
२. पुस्तक त्या देशात बोलल्या जाणाऱ्या भाषेत लिहिलं आहे का?
३. ते त्या देशात घडतं का?
४. ते आधी त्या देशाच्या वाचकांसाठी लिहिलं आहे का?

चारपैकी तीन 'हो' आले की पास. आता काही उदाहरणं लावून पाहू.

'एका कोळियाने' म्हणजे हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी'. कोळी क्यूबाचा, समुद्र क्यूबाचा. पण लेखक अमेरिकन, भाषा इंग्रजी, वाचक अमेरिकन. क्यूबाला एक गुण, अमेरिकेला तीन. तेव्हा हे पुस्तक वाचून क्यूबावर टिक करता येणार नाही.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाबद्दल आहे, मीना प्रभूंचं 'तुर्कनामा' तुर्कस्तानबद्दल, पु. लं.चं 'अपूर्वाई' युरोपबद्दल. तिन्ही पुस्तकं मराठी, मराठी वाचकासाठी. त्यांत आपण तो देश मराठी डोळ्यांनी बघतो. ती जरूर वाचा, पण ती आपल्या खात्यात जातात.

आता हॉस्टेलचं सर्वांत लाडकं पुस्तक, 'द अल्केमिस्ट'. लेखक पाउलो कोएलो ब्राझीलचा, मूळ भाषा पोर्तुगीज, १९८८ साली ते प्रथम ब्राझीलमध्येच छापलं गेलं. म्हणजे तीन गुण, पास! पण गोष्ट स्पेनमधून निघते आणि इजिप्तच्या पिरॅमिडपर्यंत जाते. ब्राझीलचा एक रस्ताही त्यात दिसत नाही. नियमाने पास झालं तरी मी ब्राझीलसाठी ग्रासिलियानो रामोसची 'व्हिदास सेकास' सुचवेन. ही १९३८ सालची कादंबरी इंग्रजीत 'बॅरन लाइव्ह्ज' नावाने मिळते. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखात दुष्काळाने हुसकावलेला एक गुराखी, त्याची बायको, दोन मुलं आणि एक कुत्री, एवढाच संसार. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण एकमेकांशी बोलताना 'हुरडा खायला चल' एवढंच म्हणतो. हुरडा म्हणजे काय ते सांगत बसत नाही. लेखक स्वतःच्या लोकांसाठी लिहितो तेव्हा तो असंच करतो. परक्यासाठी लिहायला लागला की तो गाइड होतो. अफगाणिस्तानचं उदाहरण घ्या. खालिद होसैनीची 'द काइट रनर' (२००३) आपल्याकडे मराठीतही भरपूर वाचली गेली. लेखक मूळचा काबूलचा, पण अमेरिकेत स्थायिक, आणि कादंबरी इंग्रजीत लिहिलेली. तिच्या शेजारी अतीक रहिमीची 'अर्थ अँड अॅशेस' ही छोटी कादंबरी ठेवा. रहिमीही देश सोडून फ्रान्सला गेलेला, पण हे पुस्तक त्याने दरी भाषेत लिहिलं. एक म्हातारा आणि त्याचा नातू रस्त्याकडेला कोळशाच्या खाणीकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसले आहेत. खाणीत काम करणाऱ्या मुलाला त्याला एक वाईट बातमी द्यायची आहे. गोष्ट एवढीच. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की 'कोणासाठी लिहिलं' या प्रश्नाचा अर्थ आपोआप लक्षात येतो.

मात्र ही चाचणी चाळणीसारखी वापरायची, तराजूसारखी नाही. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेने 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी इंग्रजीत लिहिली आणि ती १९५८ साली लंडनला प्रसिद्ध झाली. पण युरोपियन लेखकांनी रंगवलेला आफ्रिका कॉलेजात वाचून तो वैतागला होता, आणि आपलं इग्बो गाव आतून कसं होतं हे त्याला सांगायचं होतं. ती इंग्रजी इग्बो म्हणींनी भरलेली आहे. परक्या भाषेत लिहिलं म्हणून त्याला नापास करणं चूक ठरेल.

देश बदलतात, पुस्तक तिथेच राहतं

नकाशा बदलला की यादीचा घोळ होतो. इव्हो आंद्रिच हा लेखक १८९२ साली बोस्नियात जन्मला, तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीची सत्ता होती. त्याची 'द ब्रिज ऑन द द्रिना' ही कादंबरी १९४५ साली बेलग्रेडला प्रसिद्ध झाली, तेव्हा देश युगोस्लाव्हिया होता. १९६१ साली त्याला नोबेल मिळालं. आज युगोस्लाव्हिया नकाशावर नाही, आणि बोस्निया, सर्बिया, क्रोएशिया हे तिन्ही देश त्याला आपला म्हणतात. मी तो बोस्नियात धरला, कारण पूल बोस्नियात आहे!

मंटोचंही तसंच. जन्म लुधियाना जिल्ह्यातला, उमेदीची वर्षं मुंबईच्या फिल्मी दुनियेत, १९४८ च्या जानेवारीत लाहोरला गेला आणि १९५५ साली तिथेच वारला. त्याच्या 'टोबा टेक सिंग' या कथेत दोन्ही देश फाळणीनंतर वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांची अदलाबदल करतात. आपलं गाव नक्की कुठे गेलं, हे त्यातल्या बिशन सिंगला कोणीच नीट सांगू शकत नाही. मंटो भारताच्या खात्यात घालायचा की पाकिस्तानच्या, असा वाद रूमवर झाला तर आधी ही कथा वाचा आणि मग वाद घाला.

झेरॉक्सची झेरॉक्स

सीनिअरच्या नोट्सची झेरॉक्स ज्युनिअर काढतो, त्याची त्याचा ज्युनिअर. चौथ्या वर्षी इंटिग्रेशनचं चिन्ह आणि एस यांतला फरक कळेनासा होतो. भाषांतराचंही असंच आहे. रशियनवरून इंग्रजी, इंग्रजीवरून मराठी, असं होता होता काहीतरी पुसट होतंच. म्हणून पुस्तक उघडलं की मी आधी कॉपीराइटचं पान बघतो. मूळ भाषा कोणती, अनुवाद थेट केला की मधल्या भाषेतून, अनुवादक कोण. अनुवादकाचं नावच छापलेलं नसेल तर दुसरी आवृत्ती शोधायची.

पण झेरॉक्स पुसट निघते एवढीच अडचण नाही. कोणतं पान झेरॉक्सला जाणार हे कोण ठरवतं, हा पुढचा प्रश्न. सोव्हिएत काळात मॉस्कोची प्रगती आणि रादुगा ही प्रकाशनं रशियन पुस्तकं थेट मराठीत छापून अगदी स्वस्तात विकत. आपल्या काका-मामांच्या कपाटात ती सापडतील. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला आणि हा नळ बंद झाला. गोर्कीचं पुस्तक खेड्यातल्या वाचनालयापर्यंत पोहोचलं, कारण एक सरकार त्यामागे पैसा लावत होतं.

आणि जे त्या सरकारला नको होतं ते पोहोचलं नाही. येवगेनी झाम्यातिन हा पेशाने जहाजबांधणीचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियासाठी इंग्लंडमध्ये बर्फफोडी जहाजं बांधली जात होती, त्या कामावर देखरेख करायला तो तिकडे होता. त्याच्या 'वुई' या कादंबरीचा नायक डी-५०३ हासुद्धा इंजिनिअर आहे. तो अशा राज्यात राहतो, जिथे माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि झोपण्या-उठण्यापासून सगळं टाइमटेबलप्रमाणे चालतं. (हॉस्टेलच्या रेक्टर सरांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये.) ही रशियन कादंबरी पहिल्यांदा पुस्तकरूपात आली ती १९२४ साली, न्यूयॉर्कला, इंग्रजीत. तिच्या स्वतःच्या देशात ती छापली गेली १९८८ साली!

केनियाच्या न्गुगी वा थिओंगोची गोष्ट याहून कडक आहे. आधी तो इंग्रजीत लिहून नावाजला. १९७७ साली त्याने गिकुयू या आपल्या भाषेत गावकऱ्यांना घेऊन नाटक केलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याला अटक झाली. खटला न चालवता वर्षभर तुरुंगात ठेवलं. तिथे त्याने टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली, आणि 'डेव्हिल ऑन द क्रॉस' हा तिचा इंग्रजी अनुवाद त्याने स्वतः केला. त्यानंतर कथा-कादंबरी लिहायची ती गिकुयूतच, हे त्याने ठरवून टाकलं. २०२५ साली तो वारला. इंग्रजीत लिहिणाऱ्याला जगभर वाचक मिळतात आणि स्वतःच्या भाषेत लिहिलं की तुरुंग, हा हिशेब ज्याने उलटवून दाखवला त्याचं पुस्तक केनियासाठी निवडताना मला दुसरा विचार करावा लागला नाही.

निवडीची पथ्यं

यादी करताना मी पाच पथ्यं पाळतो.

पहिलं, देशाच्या दुखण्यावरून पुस्तक निवडायचं नाही. जे देश बातम्यांत फक्त युद्धामुळे येतात तिथेही लोक लग्नं करतात, परीक्षेत नापास होतात, शेजाऱ्याशी भांडतात. सोळापैकी निदान निम्मी पुस्तकं अशा साध्या जगण्याची हवीत. उदाहरणार्थ फिनलंडच्या तोवे यान्सनचं 'द समर बुक' (१९७२). एका छोट्या बेटावर एक आजी आणि तिची नात उन्हाळा घालवतात, बस्स. शिवाय हे पुस्तक फिनिशमध्ये नव्हे तर स्वीडिशमध्ये लिहिलेलं आहे, कारण फिनलंडच्या राजभाषा दोन आहेत.

दुसरं, शेजारी आधी. आपल्याला पॅरिसच्या गल्ल्या माहीत असतात, पण काठमांडूची एक कादंबरी आपण वाचलेली नसते. श्रीलंकेच्या मार्टिन विक्रमसिंघेंची 'गम्पेरलिया' (१९४४) ही सिंहली कादंबरी बदलत्या खेड्याची आहे. भूतानच्या कुनझांग छोदेन यांची 'द सर्कल ऑफ कर्मा' (२००५) भारतातच छापली गेली आहे. निदान दोन शेजारी यादीत हवेतच.

तिसरं, नोबेल हा पत्ता आहे, दार नाही. बक्षिसामुळे नाव कळतं, तेवढा उपयोग करून घ्यावा. पण सोळाच्या सोळा नोबेलवाले घेतले तर निवड आपण केली नाही, स्वीडनच्या समितीने केली.

चौथं, निम्म्या लेखिका. आणि पाचवं, भाषा शक्यतो वेगवेगळ्या. इंग्रजीत लिहिणारे सोळा देश मिळणं अगदी सोपं आहे, पण मग चार वर्षांनी आपण होतो तिथेच असू.

पहिले आठ देश

पहिल्या चार सेमिस्टरसाठी माझी यादी खाली देतो. आठ देश, आठ भाषा, चार लेखिका.

सेमिस्टर १, टर्ममध्ये: जपान. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान'. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. शाळेतून काढून टाकलेली मुलगी आणि रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा. घरची आठवण येते त्या दिवसांत, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला, यासारखं पुस्तक नाही.

सुट्टीत: बोस्निया. 'द ब्रिज ऑन द द्रिना'. सिव्हिलवाल्यांनी तर वाचायलाच हवी. विशेग्राड गावचा हा अकरा कमानींचा, सुमारे १८० मीटर लांबीचा दगडी पूल सोळाव्या शतकात ऑटोमन वास्तुविशारद सिनान याने बांधला. कादंबरीला एक असा नायक नाही, पूलच नायक. तो बांधला जाताना मजुरांवर झालेला जुलूम, मग त्यावर बसून गप्पा मारणाऱ्या पिढ्या, पूर, सत्तांतरं, आणि १९१४ चं युद्ध. १९९२ च्या युद्धात याच पुलावर माणसं मारली गेली. २००७ साली तो जागतिक वारसा यादीत आला. आपण डिझाइन करतो त्या वस्तूचं पुढे काय काय होतं, हे आपल्या कुठल्याच टेक्स्टबुकात नाही.

सेमिस्टर २, टर्ममध्ये: किर्गिझस्तान. चिंगिझ ऐत्मातोव्हची 'जमीला' (१९५८). शंभरेक पानं. नवरा आघाडीवर, घरची सून धान्याच्या गाड्या स्टेशनवर पोहोचवते आहे, आणि तिच्याबरोबर गाडी हाकणारा एक अबोल माणूस आहे. गोष्ट सांगतो तो तिचा पोरसवदा दीर. लुई आरागाँ या फ्रेंच कवीने हिला जगातली सर्वांत सुंदर प्रेमकथा म्हटलं होतं. एका रात्रीत संपते, त्यामुळे प्रॅक्टिकलला धोका नाही.

सुट्टीत: बोट्स्वाना. बेसी हेडची 'व्हेन रेन क्लाउड्स गॅदर' (१९६८). लेखिका दक्षिण आफ्रिकेतून निघून १९६४ साली बोट्स्वानात आली आणि नागरिकत्वासाठी तिला १९७९ पर्यंत थांबावं लागलं. कादंबरीतही एक निर्वासित कोरडवाहू गावात येतो. तिथे सहकारी शेती, जनावरं, पाणी आणि आडवा येणारा गावचा मुखिया असं सगळं आहे. नावं बदलली तर आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट वाटेल.

सेमिस्टर ३, टर्ममध्ये: सेनेगल. मारियामा बा यांचं 'सो लाँग अ लेटर' (१९७९), मूळ फ्रेंच. नवरा वारल्यावर इद्दतच्या काळात घरात बसलेली शिक्षिका मैत्रिणीला पत्र लिहिते. नवऱ्याने म्हातारपणी मुलीच्या मैत्रिणीशी दुसरं लग्न केलेलं असतं. राग, मैत्री आणि मुलांची शिक्षणं, सगळं शंभर पानांत.

सुट्टीत: इटली. प्रिमो लेव्हीचं 'द मंकीज रेंच' (१९७८). लेव्ही हा रसायनतज्ज्ञ, रंगाच्या कारखान्यात नोकरी केलेला. पुस्तकात फाउसोने नावाचा एक रिगर आपल्या साइटवरचे किस्से सांगतो. क्रेन, टॉवर, आणि एक प्रकरण तर भारतातल्या पुलाचं. पुस्तक जाड नाही, पण सावकाश वाचावं. हाताने केलेल्या कामाचा आनंद इतका मन लावून लिहिलेलं दुसरं पुस्तक मला अजून सापडलेलं नाही. वर्कशॉपच्या मास्तरांनाही मी ते आग्रहाने सुचवतो.

सेमिस्टर ४, टर्ममध्ये: नेपाळ. पारिजात यांची 'शिरीषको फूल'. साठच्या दशकातली ही छोटी कादंबरी इंग्रजीत 'ब्लू मिमोसा' नावाने आहे. लेखिकेचा जन्म दार्जिलिंगचा, म्हणजे पुन्हा तोच देशाचा प्रश्न! आणि एक गंमत: नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जाते. मूळ पुस्तक हाती लागलं तर पहिलं पान मोठ्याने वाचून बघा. हिंदी-मराठीच्या जोरावर बरंच कळतं.

सुट्टीत: सौदी अरेबिया. अब्दुररहमान मुनीफची 'सिटीज ऑफ सॉल्ट' (१९८४). इंग्रजीत सहाशेच्या वर पानं, म्हणून मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवलेली. मुनीफ हा पेट्रोलियम अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला माणूस, तेल उद्योगात काम केलेला. १९६३ साली त्याचं सौदी नागरिकत्व काढून घेतलं गेलं, आणि हे पुस्तक तिकडे बंदी घातलेलं. एका ओअॅसिसमध्ये अमेरिकन कंपनीचे लोक येतात, मोजमापं घेतात, मग यंत्रं येतात आणि झाडं पडतात. ज्यांचं गाव गेलं तेच पुढे त्या कंपनीच्या लेबर कॅम्पात कामाला लागतात. आपल्या कोकणातल्या किती घरांतली माणसं आखातात नोकरीला गेली आहेत! त्या वाळूवर त्यांच्या आधी कोण राहत होतं, ते या पुस्तकात कळतं.

पुढचे आठ देश मी मुद्दाम देत नाही. ते ज्याचे त्याने शोधायचे.

मिळवायची कशी, टिपायची कशी

कॉलेजच्या लायब्ररीत मागणीची वही असते. तिच्यात टेक्स्टबुकांशिवाय दुसरं काही लिहायचं नाही असा नियम मी तरी कुठे वाचलेला नाही. चार-पाच जणांनी एकाच पुस्तकाची मागणी लिहिली तर तिचा विचार होतो. गावातलं नगर वाचनालय विसरू नका, जुने अनुवाद तिथेच सापडतात. रद्दीवाले आणि फुटपाथवरची पुस्तकं तर आपली हक्काची. चार रूममेट्सनी मिळून संकल्प केला तर प्रत्येकाने चारच पुस्तकं विकत घ्यायची आणि सोळा वाचायची. हे गणित सोडवायला एम-थ्री लागत नाही.

प्रत्येक पुस्तकाला वहीत एक पान द्या. मूळ भाषा, अनुवादक, चार प्रश्नांचे गुण, न समजलेले तीन शब्द, आणि 'हे मला आधी माहीत नव्हतं' अशी एक गोष्ट. परीक्षण लिहू नका, त्याचं जर्नल होतं आणि मग कंटाळा येतो.

उलटा प्रश्न

शेवटी एक प्रश्न, जो मला ही यादी करताना सारखा पडत गेला. समजा लागोसच्या किंवा ओस्लोच्या हॉस्टेलमधला एखादा मुलगा असाच संकल्प करतो आहे. भारतासाठी त्याला एकच पुस्तक निवडायचं आहे. तो काय उचलेल? बहुधा इंग्रजीत लिहिलेली, परदेशात गाजलेली एखादी कादंबरी. आपण जशी त्याच्या देशाची पहिली दिसेल ती उचलतो, तशीच.

मराठीचं काय? भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला कॉलेजला येतो आणि हॉस्टेलवर राहतो. आपलीच गोष्ट! तिचा सुधाकर मराठे यांनी केलेला 'ककून' हा इंग्रजी अनुवाद आला १९९७ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१५ चा. इतकी वर्षं मराठी न येणाऱ्याला ती पुस्तकं जवळजवळ नव्हतीच. २०२२ साली हिंदीतल्या आणि २०२५ साली कन्नडमधल्या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं ते अनुवादामुळेच, आणि बक्षिसाची रक्कम लेखिका आणि अनुवादक यांना निम्मी निम्मी मिळाली.

आपल्याला किर्गिझ किंवा गिकुयू पुस्तक शोधताना जो त्रास होतो, तोच त्रास दुसऱ्या टोकाला मराठी शोधणाऱ्याला होत असतो. म्हणून माझी एक सूचना आहे. सोळा देशांच्या यादीखाली सतरावी ओळ मोकळी ठेवा. परदेशी मित्राने 'तुमच्या भाषेतलं एक पुस्तक सांग' म्हटलं तर कोणतं सांगाल, आणि ते त्याच्या भाषेत मिळतं का, एवढं त्या ओळीत लिहा. मिळत नसेल तर तेही लिहा. आपल्यातल्या ज्याचं जपानी किंवा जर्मन चांगलं आहे (लँग्वेज लॅबमध्ये अशी मंडळी आहेत), त्याच्या डोळ्यांसमोर ती ओळ असलेली बरी.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आणि सर-मॅडम तुम्हीसुद्धा, वही काढा आणि पहिल्या देशाचं नाव लिहा. पीएल सुरू व्हायला अजून वेळ आहे.